टॅक्सीच्या छताचा छोटा दिवा

रात्री अकराच्या सुमारास कुठल्याही कामगार वस्तीच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. ओळीने लागलेल्या टॅक्सी, शाळेच्या व्हॅन, भाजीचे टेम्पो, एखादी कंपनीची गाडी. आपल्यातली किती घरे या चाकांवर चालतात ते तिथे दिसते. ही सगळी मंडळी गाडीला जपतात. ऑइल वेळेवर बदलतात, टायरची हवा बघतात, ब्रेकचा आवाज आला तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जातात. मात्र छताला चिकटलेला एक छोटासा दिवा असतो, तो बंद पडला तर कुणाला त्याचे काही वाटत नाही. "दिवसा काय त्याचं काम?" असे म्हणत महिने निघून जातात. या अंकात आम्ही त्या दिव्याबद्दल लिहिणार आहोत. विषय लहान वाटेल, पण वाचक बंधु-भगिनींनी शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

हा दिवा कुणासाठी असतो ते आधी पाहू. रात्रपाळी संपवून इस्पितळाच्या दारात उभी असलेली आयाबाई टॅक्सीला हात करते. दार उघडते. दिवा लागला तर तिला एका नजरेत सगळे दिसते. मागची सीट रिकामी आहे, चालकाचा चेहरा दिसतो, सीटमागे नावाची पाटी लावली असेल तर तीही वाचता येते. दिवा लागलाच नाही तर ती क्षणभर थबकते आणि पुष्कळदा दार लावून मागच्या टॅक्सीकडे जाते. चालकाला वाटते, बाईने उगाच अपमान केला. तसे नसते. अंधाऱ्या गाडीत एकटीने बसू नये हे तिला घरच्यांनीच शिकवलेले असते, आणि आपणही आपल्या मुलीला तेच शिकवतो. गेलेले भाडे मात्र चालकाचे गेले.

चालकाच्या बाजूनेही पाहा. पन्नासची नोट दिली की पाचशेची, यावरून रात्री होणारी भांडणे बहुतेक अंधारामुळेच होतात. उतरलेल्या माणसाची पिशवी, औषधांची चिठ्ठी, बाळाचे टोपडे सीटखाली राहिले का, हे वळून पाहायला उजेड लागतो. नाकाबंदीत हवालदाराने हात केला तर आतला दिवा लावून काच खाली करणाऱ्या चालकाशी बोलणे सरळ होते, हा आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांचा अनुभव आहे.

आता खिशाची गोष्ट. आमच्या वस्तीतले एक टॅक्सीवाले काका छताचा दिवा लागत नाही म्हणून एका दुकानात गेले. दुकानाचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही, अशी दुकाने प्रत्येक गावात असतात. "पूर्ण सेट बदलावा लागेल, वायरिंगही खराब आहे," असे सांगून त्यांना बाराशे रुपये खर्च सांगितला गेला. काका घरी आले ते तोंड पाडून. शेजारच्या चाळीतला आयटीआयला जाणारा मुलगा सहज बघायला गेला. पाच मिनिटांत म्हणाला, "काका, बल्ब चांगला आहे तुमचा. दरवाजाचं बटन गंजलंय." पॉलिश पेपरचा तुकडा फिरवला, दिवा लागला. खर्च शून्य. बाराशे रुपये म्हणजे एका मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके, हा हिशोब आम्ही लगेच केला. सवयच तशी, दिवसभर आकडेच मांडतो आम्ही.

काका घाबरले होते ते गाडी नवी म्हणून. पद्मिनी टॅक्सीच्या वेळी त्यांना अशी भीती नव्हती. ती गाडी चालकच पाना-पक्कड घेऊन रस्त्याच्या कडेला दुरुस्त करीत. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आला, सेन्सर आले, तेव्हा आपल्या हाती काहीच राहिले नाही अशी समजूत झाली. पण छताचा दिवा बहुतेक गाड्यांत अजून तसाच साधा आहे: बारा व्होल्टचा एक बल्ब, एक फ्यूज, एक बटन. विजेवर चालणाऱ्या नव्या गाडीतसुद्धा या दिव्यासाठी वेगळी बारा व्होल्टचीच व्यवस्था असते. तिथे फक्त नारिंगी रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही, कारण ती जीवघेण्या दाबाच्या विजेची असते. छताच्या दिव्याचा तिच्याशी संबंध नाही.

तेव्हा दिवा लागत नाही म्हटल्यावर बल्ब विकत आणायला धावू नये. बल्ब बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो.

पहिल्यांदा दिव्यावरचे सरकते बटन पाहावे. त्याला बहुधा तीन जागा असतात. एका जागी दिवा कायम लागतो, एका जागी कायम बंद राहतो, आणि तिसऱ्या जागी दार उघडले की लागतो. गाडी धुणाऱ्या पोराचा हात लागून बटन 'बंद'वर गेलेले असते आणि मालक महिनाभर गाडीला दोष देत असतो. ही हसण्यासारखी गोष्ट खरोखर घडते. बटन 'कायम'वर केल्यावर दिवा लागला, पण दार उघडल्यावर लागत नसेल, तर बल्ब ठीक आहे, दोष दरवाजाच्या बाजूला आहे.

हे असे का, ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. पुष्कळ गाड्यांत फ्यूजमधून आलेली विजेची तार बल्बच्या एका टोकाला सतत जोडलेली असते. दुसऱ्या टोकाची तार दरवाजाच्या चौकटीतल्या बटनापर्यंत जाते. दार बंद असताना ते बटन दाबलेले राहते आणि तार तुटलेली राहते. दार उघडले की बटन बाहेर येते, तार गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. यालाच आपले वायरमन 'अर्थ' म्हणतात. मग वर्तुळ पूर्ण होऊन दिवा लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात मुंबई-कोकणची खारी हवा. त्या बटनाच्या पत्र्याला लागलेल्या ठिकाणी गंज चढतो आणि अर्थ मिळत नाही. एकाच दाराने दिवा लागत नसेल आणि बाकीच्या दारांनी लागत असेल, तर त्या दाराचे बटन तपासावे. एक स्क्रू काढून ते बाहेर ओढता येते, मात्र मागची तार आत निसटू देऊ नये. तिला आधी चिकटपट्टी लावून बाहेर अडकवून ठेवावे, नाहीतर ती चौकटीत गडप होते आणि मग खरोखरच वायरमनला पैसे द्यावे लागतात. अलीकडच्या गाड्यांत हे बटन दाराच्या कुलपातच बसवलेले असते, बाहेर दिसत नाही. ते आपण उघडू नये.

कुठल्याच जागी दिवा लागत नसेल तर फ्यूज पाहावा. याची एक खूण आहे. पुष्कळ गाड्यांत रेडिओ आणि घड्याळ त्याच फ्यूजवर असते. दिव्याबरोबर घड्याळही बंद पडले असेल किंवा वेळ विसरत असेल, तर फ्यूज गेला म्हणून समजावे. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. गेला त्याच रंगाचा नवा घालावा. लालच्या जागी पिवळा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणे हा प्रकार आमच्या डोळ्यांदेखत चालतो, म्हणून स्पष्ट लिहितो: फ्यूज जळतो तो तार वाचावी म्हणून. चांदी घातली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी छतातली तार जळेल, आणि तिच्या भोवती फोम आणि कापड असते.

एवढे पाहूनही दिवा लागला नाही तर बल्ब काढावा. बटन बंद करून, दिवा लागत असेल तर पाच-दहा मिनिटे थंड होऊ देऊन मगच हात घालावा. साध्या बल्बची दहा भागांतली नऊहून अधिक वीज उष्णता होऊन जाते, बोटाला चांगलाच चटका बसतो. शक्यतो त्याचा फ्यूजही काढून ठेवावा. कारण वर सांगितलेच आहे: एका टोकाला वीज सतत असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक ते टोक आणि पत्रा यांच्यात टेकले की ठिणगी उडते आणि चांगला फ्यूज जातो. बॅटरीची तार काढायची असेल तर आधी निगेटिव्हची काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी. पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असतो, म्हणून त्या तारेवरचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. पॉझिटिव्हवरचा लागला तर पान्याचे टोक वितळेल इतकी ठिणगी उडते.

दिव्याचे पांढरे प्लास्टिक झाकण नुसते दाबून बसवलेले असते. त्याच्या एका कडेला नखाएवढी खाच असते. तिथे जुने प्लास्टिकचे कार्ड किंवा टोकाला फडके गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच उचलावे. थंडीच्या पहाटे हे काम करू नये, प्लास्टिक कडक होऊन कान मोडतात. दुपारी गाडी उन्हात तापलेली असताना झाकण सहज निघते. आणि एक ध्यानात ठेवावे: नव्या गाड्यांत दारांच्या वर, छताच्या कडेने एअरबॅग असू शकते. तिच्या तारांचे जोड बहुधा पिवळे असतात. झाकणापलीकडे छताचे कापड वा कडेची पट्टी ओढायची नाही.

झाकण निघाले की बल्बचा आकार दिसतो, आणि दुकानात काय मागायचे ते तिथेच ठरते. छतात बहुधा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा बल्ब असतो, दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये अडकवलेला. दुसरा प्रकार बिनटोपीचा: काचेचेच चपटे बूड आणि त्याला दुमडलेल्या दोन तारा. हा पाच वॅटचा पार्किंगच्या दिव्यातही असतो, म्हणून दुकानदार त्याला पार्किंगचा बल्ब म्हणतो. नकाशा वाचायच्या छोट्या दिव्यात आणि डिकीत तो पुष्कळदा सापडतो. नळीचा बल्ब काढताना काच ओढू नये. एक पट्टी बोटाने बाहेर दाबावी, बल्ब आपोआप सुटतो. बिनटोपीचा मात्र सरळ ओढून काढायचा.

काढलेला बल्ब फेकू नये. त्याच्या टोपीवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि वॅट कोरलेले असतात. घरातल्या चष्मा नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावे. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिलिमीटरमध्ये लांबी मोजावी. बाजारात ३१, ३६, ३९, ४१ अशा लांबीचे बल्ब मिळतात आणि दिसायला सगळे भावंडांसारखे. ४१ च्या जागी ३६ घेऊन पट्ट्या आत वाकवल्या तर तो सैल राहतो, खड्ड्यात गाडी गेली की लुकलुकतो, आणि सैल जोडाशी उष्णता साठते. ३६ च्या जागी ३९ कोंबला तर पट्ट्यांचा ताण कायमचा जातो. मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत जुना बल्ब काउंटरवर ठेवला की बोलणे संपते. साधा बल्ब दोन-तीन कप चहाच्या पैशांत येतो.

व्होल्टकडे विशेष लक्ष द्यावे. मोटारी आणि छोटे टेम्पो बारा व्होल्टचे, तर मोठे ट्रक आणि बस बहुधा चोवीस व्होल्टच्या. घरात एक भाऊ टॅक्सीवर आणि दुसरा ट्रकवर असेल तर डबीतले बल्ब मिसळतात. बाराचा बल्ब चोवीसमध्ये घातला की एक झगमगाट आणि खलास. चोवीसचा बारामध्ये घातला तर तो जळत नाही, पण निखाऱ्यासारखा लालसर होतो. व्होल्ट निम्मे झाले तर उजेड निम्मा होत नाही, दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. मग चालक म्हणतो, बॅटरी उतरली.

उजेड जास्त हवा म्हणून पाच वॅटच्या जागी दहा वॅटचा घालावा का? नाही. झाकण पाच वॅटच्या उष्णतेसाठी बनवलेले असते. दार बराच वेळ उघडे राहिले तर झाकण पिवळे पडते, मग मऊ होऊन लोंबते. उजेड वाढवायचाच असेल तर आधी झाकण काढून साबणाच्या पाण्याने धुवावे. वर्षानुवर्षांची धूळ आणि मेलेली चिलटे निघाल्यावर कितीतरी फरक पडतो.

त्यापुढे जायचे असेल तर एलईडी. पांढऱ्या एलईडीचा उजेड आपल्या गाडीपर्यंत आला तो निळ्या एलईडीमुळे. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, निळा जमत नव्हता. जपानचे इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो जमवला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. त्यातले नाकामुरा हे काम करीत असताना तोकुशिमा प्रांतातल्या एका रसायन कंपनीत नोकरीला होते. निळ्या उजेडावर पिवळसर लेप दिला की तो पांढरा दिसतो, एवढीच त्यातली युक्ती.

याचा फायदा आकड्यांत पाहा. दहा वॅटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर ०.८३ अँपिअर घेतो. शनिवारी रात्री दहा वाजता दार नीट लागले नाही आणि सोमवारी सकाळी सहाला गाडी काढायला गेलात, तर बत्तीस तास झाले. बत्तीस गुणिले ०.८३, म्हणजे सुमारे २७ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ ची. उरलेल्या आठमध्ये, त्यातून बॅटरी जुनी असेल तर, स्टार्टर फिरणार नाही. सोमवार सकाळचे भाडे बुडाले. त्याच जागी एक वॅटचा एलईडी असता तर २७ ऐवजी २.७ गेले असते आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली असती.

पण एलईडीत फसवणूकही तितकीच. गाडी चालू असताना बारा नव्हे, सुमारे चौदा व्होल्ट मिळतात. फूटपाथवरचे स्वस्त एलईडी तेवढे सोसत नाहीत आणि महिन्या-दोन महिन्यांत लुकलुकू लागतात. लांबी इथेही तीच पाहायची. बसवल्यावर लागला नाही तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी उलटा करून पाहावा, कारण पुष्कळ एलईडी एकाच दिशेने लागतात. काही नव्या गाड्यांत दार लावल्यावरही एलईडी मिणमिणत राहतो. तिथे गाडीचा कॉम्प्युटर बल्ब तपासण्यासाठी थोडी वीज सोडत असतो. अशा गाडीत त्यासाठी बनवलेला एलईडी मागावा किंवा साधा बल्बच ठेवावा. आणि झाकणाच्या आत दुहेरी चिकटपट्टीने लावायची ती चौकोनी पाटी मिळते ना, तिच्यापासून आम्ही चालक मंडळींना सावध करतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे छत इतके तापते की पट्टीचा डिंक सुटतो. पाटी खाली लोंबते आणि तिचा उघडा भाग पितळी पट्टीला टेकला की शॉर्ट.

रंग कोणता, यावर तरुण पोरांचे आणि आमचे एकमत होत नाही. त्यांना निळसर पांढरा लखलखाट आवडतो. आम्ही किंचित पिवळसर उजेडाच्या बाजूचे. निळसर उजेड रात्री काचेवर परततो, आणि दिवा विझल्यावर डोळ्यांना रस्ता नीट दिसायला वेळ लागतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. प्रवासी बसेपर्यंत दिवा असावा आणि गाडी निघताना विझावा, एवढ्यासाठीच तर दाराचे बटन आहे.

नवा बल्ब बसवल्यावर झाकण लावण्यापूर्वीच तो लावून पाहावा. मग एकेक दार उघडून-लावून पाहावे, चारही. डिकीचा आणि समोरच्या कप्प्याचा दिवा झाकण बंद केल्यावर खरोखर विझतो का, हे बाहेरून कळत नाही. त्याला आता सोपा उपाय आहे. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून मोबाइल आत ठेवावा, झाकण लावावे, दहा सेकंदांनी काढून पाहावे. चित्र काळे झाले असेल तर दिवा विझतो. उजेड दिसत असेल तर बॅटरी रोज थोडी थोडी कुठे जाते ते सापडले.

एक जादा बल्ब गाडीत असू द्यावा. औषधाच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून ठेवला तर खड्ड्यांत फुटत नाही. डबीवर पेनाने '१२ व्होल्ट, ५ वॅट, ३६' असे आपल्या गाडीचे आकडे लिहावेत. एकच टॅक्सी दिवसपाळी-रात्रपाळी दोघे चालवतात, तेव्हा रात्रीच्या चालकालाही ते आकडे वाचता आले पाहिजेत.